दरवाजा नावाचं नेटवर्क

१

काकू पडल्या तेव्हा घरात कोणी नव्हतं. पडल्या पडल्या त्यांनी गळ्यातली घंटी दाबली, पुन्हा दाबली, आणि ती कुठेच वाजली नाही.

व्यायामबाईंना हे दुसऱ्या दिवशी सकाळी, दारातच कळलं. त्या फिजिओथेरपिस्ट होत्या. पण एवढा लांबलचक शब्द उच्चारण्यातच आपला निम्मा व्यायाम होतो असं म्हणून काकूंनी त्यांचं बारसं पहिल्याच आठवड्यात उरकलं होतं. तेव्हापासून सगळं घर त्यांना व्यायामबाईच म्हणायचं. काकूंना पक्षाघात झाला होता, उजव्या बाजूला. वाचा पूर्ण परत आली, पाय बराचसा परत आला, उजवा हात मात्र अजून रुसून बसला होता. आठवड्यातून तीनदा व्यायामबाई येत आणि त्या हाताची समजूत घालत.

आज काकू पलंगावर होत्या. कपाळावर पट्टी, डावा गुडघा सुजलेला. खोलीत तिघंजण उभे होते आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मुलगा, ज्याला सगळे दादा म्हणत, रंगाच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ होता. तो भिंतीवरच्या राउटरकडे बघत होता. त्याची धाकटी बहीण, चाळिशी गाठली तरी घरात बेबीच, दूरच्या शहरातून दोन-तीन दिवसांपूर्वीच आली होती. ती मोबाइलकडे बघत होती. दादाची बायको, वहिनी, प्राथमिक शाळेत संगीत शिकवायची. ती जमिनीकडे बघत होती.

दादाने व्यायामबाईंना बाहेर नेऊन सगळं सांगितलं. काकूंची घंटी वायफायवर चालायची. दाबली की वहिनीच्या मोबाइलवर, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूच्या मोबाइलवर आणि हॉलमधल्या डबीत एकदम आवाज व्हायचा. काल दुपारी वहिनी शाळेतून आली तेव्हा काकू जमिनीवर होत्या. तोवर किती वेळ गेला होता ते काकूंनाही सांगता येत नव्हतं. घंटी चांगली होती, तिची बॅटरीही चांगली होती. घरातलं वायफायच नाहीसं झालं होतं.

"बंद पडलं असेल," व्यायामबाई म्हणाल्या.

"मलाही तेच वाटलं होतं," दादा म्हणाला. "म्हणून काल संध्याकाळी माझा लॅपटॉप केबलने जोडून पाहिला. राउटर ठणठणीत आहे. फक्त आतलं सगळं पुसलेलं आहे, त्यावर नवं फर्मवेअर चढवलेलं आहे, आणि मला आत शिरू देत नाहीये. पासवर्ड बदललाय. बाई, हे आपोआप होत नाही. कुणीतरी केलंय, आणि घरात एकही माणूस मी केलं म्हणायला तयार नाही."

२

फर्मवेअर म्हणजे काय हे व्यायामबाईंना अंधुक माहीत होतं. बाकीचं दादाने समजावलं. राउटरच्या आत एक छोटा कारभारी प्रोग्राम असतो, त्याच्या जिवावर ते चालतं. कंपनीने या जुन्या राउटरकडे केव्हाच पाठ फिरवली होती, म्हणून दादाने त्यावर मोकळं फर्मवेअर टाकलं होतं. ते जगभरातली हौशी माणसं मिळून लिहितात आणि कोणालाही वापरायला देतात. त्याची नवी आवृत्ती आली की ती आपल्या हाताने चढवायची. आजारपणाआधी हा मायलेकांचा कार्यक्रम असायचा. सूचना आई वाचायची आणि बटणं दादा दाबायचा. काकूंनी उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासली होती. त्यांनी वाचून दाखवलं की अनुस्वारसुद्धा सुटायचा नाही. वायफायचं नाव त्यांनीच ठेवलं होतं, पोपटपंची.

पक्षाघातानंतर तो कार्यक्रम बंद पडला. नवी आवृत्ती येऊन पडली होती. दादा दर आठवड्याला रविवारी करू म्हणायचा.

"मग कुणी केलं असेल हे?"

दादाने आधी आढेवेढे घेतले. मग आवाज खाली आणून म्हणाला, "बेबीने. ती कालच्या आदल्या दिवशी माझ्याशी आईवरून भांडली. आणि ती इथे आलीय कशाला, माहितेय? आईला वृद्धाश्रमात न्यायला. तिच्या शहरातला एक पाहून ठेवलाय, जागाही धरून ठेवलीय. आई इथे सुरक्षित नाही हे तिला सिद्ध करायचं होतं. झालं की सिद्ध."

हे बोलल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं असावं, कारण त्याने लगेच चष्मा काढून पुसायला घेतला.

व्यायामबाई आत गेल्या. काकूंच्या अंगावरून हात फिरवत त्यांनी सहज विचारलं, कशाला उठल्या होतात. काकू म्हणाल्या, पाणी प्यायला. व्यायामबाईंनी मान डोलावली. पाण्याचा तांब्या पलंगाच्या उशापाशी होता, तिथवर हात पुरतो म्हणून त्यांनीच तो तिथे ठेवायला लावला होता. काकू पडल्या होत्या त्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला, कपाटाजवळ. फरशीच्या कडेला कपाळ आपटल्याची जागा वहिनीने पुसून काढली होती, तरी पुसट डाग दिसत होता.

पडलेल्या माणसाचं अंग खोटं बोलत नाही, हा व्यायामबाईंचा रोजचा अनुभव होता. आणि काकूंच्या अंगाची साक्ष काकूंच्या तोंडाशी जुळत नव्हती.

३

बेबीने स्वतःहूनच व्यायामबाईंना गाठलं. अंगणातल्या दोरीवरचे कपडे काढता काढता ती बोलत राहिली. तिला दादावर राग होता, पण त्याहून जास्त राग वहिनीवर होता. आईला एकटं टाकून शाळेत जायची काय गरज होती, असं ती म्हणत होती. ती स्वतः काल सकाळभर कुठे होती, या प्रश्नावर मात्र ती थोडी चाचरली. मग म्हणाली, आईची डॉक्टरांकडची कागदं आणायला गेले होते. वृद्धाश्रमाला ती लागणार होती.

"तुम्हाला मी दुष्ट वाटत असेन," बेबी म्हणाली. "पण तुम्ही माझ्या जागी येऊन बघा. मी रोज संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉल करते. आधी ती किती बोलायची. आता बोलता बोलता मध्येच थांबते. मी काही विचारलं की नुसती बघत राहते, तोंड तसंच उघडं. मग भलत्याच वेळी भलतंच उत्तर देते. तिचं डोकं आता चालत नाही, बाई. दादा रोज बघतो म्हणून त्याला दिसत नाही. मी लांबून बघते, मला दिसतं. परवा मी त्याला तेच सांगत होते."

"कुठे सांगत होतात?"

"हॉलमध्ये. का?"

हॉल आणि काकूंची खोली यांच्या मध्ये नुसता पडदा होता.

राउटरचं विचारल्यावर बेबी उसळली. तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि ते खरं वाटत होतं. लांबलचक सूचना समोर आल्या की ती शेवटचं बटण दाबून मोकळी होणाऱ्यांतली होती. औषधाच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा ती वहिनीला वाचायला लावायची.

कपड्यांची घडी घालता घालता तिचे हात थांबले. "मला काल रात्रीपासून भीती वाटतेय," ती म्हणाली. "घरातल्या कुणी नाही केलं, तर मग बाहेरच्या कुणी केलं. कुणीतरी आपल्या घरात शिरून बसलंय."

व्यायामबाईंनी नकळत आपला मोबाइल काढला आणि आसपासच्या वायफायची यादी उघडली. शेजारपाजारची चार ओळखीची नावं होती. त्यांच्या खाली एक नाव नवं होतं, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं.

दरवाजा.

४

मोबाइल हातात धरून व्यायामबाई फाटकापर्यंत चालत गेल्या. दरवाजा या नावापुढची रेघ एकच उरली. परत अंगणात आल्या तर दोन झाल्या. हॉलमध्ये तीन. काकूंच्या खोलीत, राउटरखाली उभ्या राहिल्या तेव्हा सगळ्या रेघा भरल्या.

दादा चक्रावला. त्याने हे नाव पाहिलं होतं, पण त्याकडे लक्ष दिलं नव्हतं. पुसलेल्या राउटरचं वायफाय मुळात बंद असतं, ते कुणीतरी मुद्दाम सुरू करावं लागतं. म्हणून शेजाऱ्यांपैकी कुणाचं तरी असेल असं तो धरून चालला होता. याचा अर्थ, ज्याने कोणी हे केलं होतं त्याने नुसतं पुसलं नव्हतं. त्याने बसून नवं नाव घातलं होतं, नवा पासवर्ड घातला होता, आणि मग तो उठून गेला होता.

राउटरला एक बारीक भोक होतं. त्यात टाचणी खुपसली की सगळं पुन्हा कोरं होणार होतं. दादा टाचणी शोधायला निघाला. व्यायामबाईंनी त्याला थांबवलं आणि संध्याकाळपर्यंतची मुदत मागितली. तोवर शेजारच्यांचं वायफाय मागून घंटी त्यावर जोडा म्हणाल्या. कोरं केलं की कोणी केलं ते कधीच कळणार नाही, आणि तुम्ही बहीणभाऊ उरलेला जन्म एकमेकांकडे संशयाने बघत काढाल, हेही त्यांनी सुनावलं.

मग त्या वर गेल्या.

वरचा भाडेकरू सिनेमांसाठी आवाज तयार करायचा. पावलं, दारांची कुरकुर, भांडी पडल्याचा खणखणाट. त्याची खोली चपला, फुटक्या बशा आणि पत्र्यांनी भरलेली होती. त्याला काकूंचं कळलं होतं आणि त्याचा चेहरा उतरला होता. काल सकाळी नेट गेलं तेव्हा लाइन गेली असेल असं समजून तो चहा प्यायला बाहेर पडला होता. घरात असतो तर धप्प आवाज मला नक्की ऐकू आला असता, माझं कामच ते आहे, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

नवं फर्मवेअर त्यानेच उतरवून घेतलं होतं. महिनाभरापूर्वी एका पेन ड्राइव्हवर घालून, सूचनांच्या फाइलसकट, दादाला नेऊन दिलं होतं. जुन्या आवृत्तीत भोकं पडली आहेत, कोणीही बाहेरचा शिरू शकतो, हे त्याने काकूंच्या खोलीत उभं राहून सांगितलं होतं. दादाने पेन ड्राइव्ह खणात टाकला होता.

"आणखी एक फायदा होता," तो ओशाळून म्हणाला. "मी आवाजाच्या अजस्र फाइली पाठवतो. त्या चालू असल्या की लाइन तुंबते आणि खाली कुणाचं बोलणं चाललं असेल तर ते तुटतं, चेहरा गोठतो. नवीन आवृत्तीत त्यावर उपाय आहे. एकाने रस्ता अडवला तरी बोलणाऱ्याला वाट मिळते."

"तुम्ही फाइली कधी पाठवता?"

"संध्याकाळी. दिवसभराचं काम झालं की."

मग व्यायामबाईंनी विचारलं, हे नवं फर्मवेअर चढवणं किती अवघड आहे. तो म्हणाला, अवघड नाही, किचकट आहे. या दोन आवृत्त्यांत एवढा फरक आहे की जुनी सेटिंग पुढे नेता येत नाही, सगळी सोडून द्यावी लागते. वायफायवरून करायचं नाही, केबलच लावायची. मध्येच वीज गेली तर राउटर कायमचं मेलं. सूचना अथपासून इतिपर्यंत न वाचता कोणी हे केलं असतं तर आज त्या भिंतीवर एक निरुपयोगी डबा लटकत असता.

"म्हणजे करणारा धांदरट नव्हता."

"छे. फार सावकाश केलंय त्याने. आणि तुम्ही म्हणता ते दरवाजा हे नाव तर मला तात्पुरतं वाटतं. आधी भलतंच नाव देऊन चालतंय का बघायचं, मग जुनं नाव घालायचं, अशी सूचनांत शिफारस आहे. जुनं नाव घातलं असतं तर घंटी आपोआप जोडली गेली असती." तो थांबला. "त्याला काम पुरं करायचं होतं, बाई. ते का राहिलं?"

५

खाली काकू डोळे मिटून पडल्या होत्या. व्यायामबाईंनी त्यांना उठवलं नाही. त्या खोलीत नुसत्या बघत उभ्या राहिल्या.

व्यायामाचे रबरी पट्टे खुर्चीवर होते. ते नेहमी कपाटाच्या खालच्या कप्प्यात, घरातल्या जुन्या लॅपटॉपवर ठेवलेले असत. काकूंना वाकून ते उचलावे लागावेत म्हणून व्यायामबाईंनीच ती जागा नेमली होती. खालचा कप्पा आज रिकामा होता. लॅपटॉप कपाटाच्या अगदी वर, बॅगेच्या मागे सारलेला होता. त्याच्या शेजारी पिवळी केबल होती, गोल गुंडाळून मध्ये गाठ मारलेली. राउटरपासून निघून ती केबल कपाटाच्या बाजूच्या तिपाईपर्यंत आरामात पोचली असती.

व्यायामबाईंनी लॅपटॉप खाली काढला. तिपाई कपाटाला लागून होती आणि तिच्यासमोर खुर्चीत बसलं की उजवा खांदा थेट कपाटाला टेकत होता. त्यांनी उजवा हात मांडीवर ठेवला, काकू ठेवायच्या तसा, आणि फक्त डाव्या हाताने कळफलकावर दरवाजा लिहिला. डी, ए, आर, व्ही, ए, झेड, ए. हात जागचा हलला नाही. सगळी अक्षरं डाव्या बाजूची होती. मग पोपटपंची लिहायला घेतलं. पहिल्याच अक्षराला हात कळफलक ओलांडून पार उजव्या टोकाला न्यावा लागला, अंग वळलं आणि खांदा कपाटावर घासला.

त्यांनी लॅपटॉप मिटला.

गेल्या आठवड्यात काकूंनी त्यांना एक चमत्कारिक मागणी केली होती. खाली वाकून, हाताचा आधार न घेता, पुन्हा उभं राहायला शिकवा. व्यायामबाई खूश झाल्या होत्या. रुग्णाने स्वतःहून काही मागितलं की त्यांना दिवसभर बरं वाटायचं. त्यांनी मन लावून शिकवलं होतं, आणि काकूंनीही मन लावून केलं होतं. केबलचं एक टोक जमिनीलगत पडलेलं असायचं, आणि ते उचलायला काकूंचा चांगला हात मोकळा राहायला हवा होता.

उरलं एकच. केबलला दोन हातांनी मारलेली गाठ, आणि काकूंचा हात कधीच पोचणार नाही अशा उंचीवर ठेवलेला लॅपटॉप. कालपासून घरातला प्रत्येक जण विचारत होता की हे कोणी केलं. दादा विचारत होता, बेबी विचारत होती, वरचा भाडेकरूही विचारत होता. एका माणसाने अजून एकदाही विचारलं नव्हतं.

स्वयंपाकघरातून बेबीचा आवाज चढलेला ऐकू आला. ती म्हणत होती की उद्याची गाडी सांगून ठेवली आहे, आणि आई या घरात आणखी एक दिवसही राहणार नाही. वहिनी काय म्हणाली ते ऐकू आलं नाही.

६

व्यायामबाईंनी वहिनीला गच्चीच्या जिन्यात गाठलं. ती पायरीवर बसली होती, पोरांच्या बाजाच्या पेटीचं फाटलं कापड शिवत. व्यायामबाई तिच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, केबलला गाठ छान मारता तुम्ही.

वहिनीच्या हातातली सुई थांबली. रडू येईल असं वाटलं, पण ती रडली नाही. ती म्हणाली की आईंनी शपथ घातली आहे. ती दारातून आत आली तेव्हा आई जमिनीवर होत्या, कपाळातून रक्त येत होतं, आणि त्यांचं पहिलं वाक्य होतं, आधी तो लॅपटॉप उचल. डॉक्टरांना फोन करायच्या आधी त्यांनी तो लपवायला लावला होता.

"त्या म्हणाल्या, माझ्याच उद्योगापायी पडले म्हणून कळलं तर मी एकटं सोडायच्या लायकीची नाही म्हणतील. राउटर बिघडलं असं म्हणतील तर म्हणू देत. राउटरला काय वाईट वाटायचंय." वहिनीने दोरा तोडला. "खापर माझ्यावर फुटेल हे त्यांच्या मनातही नव्हतं. तुम्ही सांगू नका, बाई. त्यांनी सगळं रीतसर केलं होतं. फोन जोडून बघायला उठल्या, तो पलंगावर होता, तेवढ्यात पाय वळला."

व्यायामबाईंनी वचन दिलं की त्या सांगणार नाहीत. ते वचन त्यांनी पाळलंही.

त्या काकूंकडे गेल्या, पडदा सारला, आणि नेहमीसारखा त्यांचा उजवा हात आपल्या हातात घेऊन एकेक बोट उघडायला लागल्या. बोटं उघडता उघडता त्यांनी काय काय पाहिलं ते सांगितलं. रबरी पट्टे, तिपाई, डाव्या बाजूची अक्षरं. काकूंनी डोळे उघडले, पण मान भिंतीकडेच ठेवली.

"तुमचं बोलणं कधी अडतं का हो, काकू?" व्यायामबाईंनी विचारलं. "माझ्याशी तर कधी अडलं नाही. उलट मलाच मध्ये बोलायला जागा मिळत नाही."

काकूंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मग सांगू लागल्या. पडद्याआडून त्यांनी ऐकलं होतं. लेक म्हणत होती, आईचं डोकं चालत नाही. स्क्रीनवर लेकीचा चेहराही असाच गोठायचा, पण म्हणून त्यांनी कधी तिला वेडी म्हटलं नव्हतं. त्यांना ठाऊक होतं की तो दोष लाइनचा आहे. सांगायला गेलं तर लेक म्हणायची, हो हो आई, बरं बरं, लहान मुलाला म्हणावं तसं. दादा म्हणायचा रविवारी. आपणच करायचं हे गेल्या आठवड्यापासूनच त्यांच्या मनात होतं, परवाचं ऐकल्यावर त्यांनी ठरवूनच टाकलं. काल सकाळी घर रिकामं झाल्यावर त्यांनी खणातून पेन ड्राइव्ह काढला, सूचना दोनदा वाचल्या, आणि एका हाताने कामाला लागल्या.

"झालं होतं हो," काकू म्हणाल्या. "नीट झालं होतं. एवढं जुनं नाव घालायचं राहिलं."

स्वयंपाकघरात भांडं आदळलं. बेबी वहिनीला म्हणत होती, तुमच्या जिवावर आईला सोडलं हीच माझी चूक झाली. काकूंनी ते ऐकलं. त्यांनी व्यायामबाईंच्या हातातून आपला हात सोडवून घेतला आणि पाय पलंगाखाली सोडले.

७

त्या चालत हॉलमध्ये आल्या, सुजलेला गुडघा ओढत. व्यायामबाई एक पाऊल मागे होत्या, पण हात लावला नाही. दादा उठला, बेबी धावली. काकूंनी दोघांनाही बसायला सांगितलं, आणि वहिनीला स्वयंपाकघरातून बोलावून घेतलं.

"राउटर मी पुसलं," त्या म्हणाल्या. "हिने फक्त माझं झाकलं. हिला यापुढे एक शब्द बोलायचा नाही."

बेबीला आधी वाटलं की आई वहिनीला वाचवण्यासाठी बोलते आहे. तिने तसं म्हटलंही, अगदी मायेने, त्या लहान मुलाशी बोलायच्या आवाजात. काकूंनी तिच्याकडे पाहिलं आणि मग दादाला म्हणाल्या, केबल जोड.

दादाने आपला लॅपटॉप जोडला. कालपासून त्याला हुसकावून लावणारा तोच कोरा चौकोन समोर आला.

"सागरतट," काकू म्हणाल्या. "इंग्रजीत घाल. एस, ए, जी, ए, आर, टी, ए, टी. सगळी डाव्या हाताची अक्षरं. याहून बरा शब्द मला त्या वेळी सुचला नाही."

दादाने लिहिलं. राउटर उघडलं.

दादा स्क्रीनवरून खाली खाली जात राहिला. सगळं जिथल्या तिथे होतं. वाटेत अडलेल्या बोलण्याला वाट करून देणारी ती नवी सोयसुद्धा काकूंनी शोधून सुरू करून ठेवली होती. ती त्याला स्वतःला ठाऊकही नव्हती. त्याने वळून आईकडे पाहिलं, आणि मग जुनं नाव घालायला खाली मान घातली, ती बराच वेळ वर केली नाही.

बेबीला अजून नीट उलगडत नव्हतं. तेव्हा व्यायामबाई प्रथमच बोलल्या. बाकीचं काही न सांगता त्यांनी बेबीला एवढंच सुचवलं की वरच्या भाडेकरूला आत्ता एक मोठी फाइल पाठवायला सांगा, आणि तुम्ही अंगणात जाऊन आईला व्हिडिओ कॉल करा.

बेबी अंगणात गेली. मोबाइलवर काकू आल्या, कपाळावर पट्टी, मागे हॉलचा पडदा. बेबीने काहीतरी विचारलं. काकूंनी लगेच उत्तर दिलं. बेबीने आणखी काहीतरी विचारलं, काकूंनी तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर दिलं, वर तिच्या बोलण्यातलं एक चुकीचं क्रियापद दुरुस्त केलं. खिडकीतून दिसत होतं की बेबी मोबाइल चेहऱ्याशी धरून उभी आहे आणि बोलत नाहीये. या वेळी लाइनचा दोष नव्हता.

ती आत आली ती थेट वहिनीकडे गेली. माफी मागायची सवय नसलेल्या माणसाला जमते तशी तिने मागितली, अर्धवट, वाक्य न संपवता. वहिनीने तिला ते संपवू दिलं नाही. पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, आधी तोंड धुऊन या.

मग आईच्या पायाशी बसून बेबीने पडण्याचा विषय काढलाच. डोकं चालतंय हे मान्य, पण आई पडली ती पडलीच, असं ती म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं. काकूंनी वाद घातला नाही. यापुढे असलं काही करायचं तर घरात माणूस असताना करीन, एवढं त्यांनी कबूल केलं. दादाने कबूल केलं की रविवार म्हणजे येता रविवार. तिपाई कपाटापासून लांब सरकवायची, हे व्यायामबाईंनी दोघांना न विचारताच ठरवून टाकलं आणि सरकवलीही.

तेवढ्यात बेबीचा मोबाइल वाजला. वृद्धाश्रमाच्या कार्यालयातून होता. उद्या गाडी केव्हा पोचेल असं विचारत होते. बेबी उठून दाराशी गेली, आणि गाडी येणार नाही, धरून ठेवलेली जागा दुसऱ्या कुणाला द्या, असं तिने सांगितलं. पलीकडच्या बाईंनी नोंदीसाठी कारण विचारलं असावं, कारण बेबी गोंधळली.

तिने वळून पाहिलं. काकू दादाच्या शेजारी बसल्या होत्या, डोळ्यांवर चष्मा, डावं बोट स्क्रीनवर टेकवलेलं. सूचनांच्या पानात भाषांतर करणाऱ्याने एक अख्खं वाक्य गाळलं आहे आणि त्यामुळे लोक चुकतील, हे आत्ताच्या आत्ता त्या हौशी मंडळींना कळवलं पाहिजे, असं त्या दादाला सांगत होत्या. दादा लिहून घेत होता.

"आईला सध्या वेळ नाहीये," बेबी मोबाइलवर म्हणाली.